वही क्रमांक एकतीस

उद्या साडेदहाला पूर्णपीठाची शोकसभा.
रजिस्ट्रार म्हणाले, बन्सोडबाई,
सतरा वर्षं तुम्ही त्यांच्याकडे होतात,
मजकुरावर एकदा हात फिरवून द्या.
म्हणून निवृत्तीनंतर आठ वर्षांनी
मी पुन्हा सिव्हिल लाइन्सच्या या खोलीत,
कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात.

मजकूर तयारच आहे.
न्यायमूर्ती रुख्मांगद धापोडकर.
जन्म पाचपावलीत, विणकराच्या घरी.
(खरं आहे. खड्डामागाच्या काठावर बसून
त्यांनी करार कायदा घोकला,
बापाच्या पातळाचा एक पदर होईस्तोवर एक प्रकरण.)
दिवसा जकात नाक्यावर कारकुनी, रात्री लॉ कॉलेज.
जिल्हा न्यायालय. मग उच्च न्यायालय, हाच घुमट.
मग दूरच्या एका राज्यात मुख्य न्यायमूर्ती,
जिथली भाषा त्यांना शेवटपर्यंत आली नाही.
मनिलाच्या परिषदेत देशाचं प्रतिनिधित्व.

तो फोटो मी पाहिलाय.
फिलिपिनो सरन्यायाधीश हसताहेत कॅमेऱ्याकडे,
अंगात अननसाच्या धाग्याचा पांढरा सदरा,
आणि आमचे साहेब कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत,
सदऱ्याची बाही चिमटीत धरून
सूत तपासताहेत.

‘निर्भीड’ हा शब्द मजकुरात तीनदा आलाय.
एक मी काढला.
दोन राहू दिले.

पिटमनच्या लघुलिपीत हलकी रेघ म्हणजे प,
तीच दाबली की ब.
हाताला किती जोर द्यायचा, एवढाच फरक.

नवतपा होता. तीन न्यायमूर्तींचं पीठ,
गिरणीच्या नऊशे कामगारांची थकबाकी.
रात्री नऊला मला इंदोऱ्याहून बोलावलं,
नवऱ्याने स्कूटरवर सोडलं, तो बाहेर डास मारत बसला.
साहेब येरझारा घालत सांगत होते, चष्मा पुसत होते,
सव्वाअकरापर्यंत अठरा पानं.
भिन्न मत.
‘साच्याला तेल घालणं थांबवलं की साचा गंजतो.
माणसाचं तसं नाही. गिरणी बंद झाल्याच्या
दुसऱ्या दिवशीही तो भोंग्याच्या वेळेला उठतो.’
इथे त्यांनी पाणी मागितलं होतं.

सकाळी आले ते बसलेच नाहीत.
म्हणाले, कालचं काढून टाका.
लिहा: मी सहमत आहे.
तीन शब्द. मी कागद लावला, कार्बन लावले,
तीन शब्दांना कितीसा वेळ लागतो.

सप्टेंबरात त्यांच्या नियुक्तीचा आदेश आला.
मी या दोन गोष्टी जोडत नाही.
जोडणं माझं काम नव्हतं,
उतरवून घेणं होतं.

वह्या तीन वर्षांनी जाळायच्या, असा नियम.
एकतीस नंबरची तांदळाच्या डब्यामागे राहिली.
राहिली म्हणजे, ठेवली.

मागच्या दिवाळीनंतर फोन आला.
आवाज पार वाळलेला.
बाई, ती वही आहे का हो?
आहे.
वाचता येतं अजून?
मी ओट्याशी उभ्यानेच वाचून दाखवली,
कुकरच्या शिट्ट्यांमधून, अठरा पानं.
दोनदा वाटलं, त्यांनी फोन ठेवला.
दोन्ही वेळा पलीकडे पंख्याची घरघर होती.

शेवटी म्हणाले,
नववं पान. ‘उठतो’ नंतर
पूर्णविराम घेतलाय तुम्ही.
तिथे स्वल्पविराम करा.
मी केला.
पुढे काय घालायचं, विचारलं.
सांगतो म्हणाले.

उद्या सगळे दोन मिनिटं उभे राहतील.
मजकूर देऊन झालाय, चहाही झालाय,
शिपाई दिवे बंद करायचा थांबलाय माझ्यासाठी.
वही पर्समध्ये आहे.
पर्सची चेन लागत नाही.